गोर्लिन सिंड्रोम : सावळ्या रंगाच्या भरवशावर होणाऱ्या या चुका टाळा

जबड्यात पुन्हा पुन्हा गाठी होणारा रुग्ण आला की मी आधी त्याचे हात बघते. तळवे दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवले की टाचणीच्या टोकाएवढे बारीक खळगे स्पष्ट दिसू लागतात. ही गोर्लिन सिंड्रोमची महत्त्वाची खूण आहे.

हा आनुवंशिक आजार बहुतेकदा पीटीसीएच१ या जनुकातल्या बिघाडामुळे होतो. त्वचेचा कॅन्सर हीच त्याची ओळख होऊन बसली आहे आणि पहिली चूक तिथेच होते. त्वचेवर काही दिसत नाही, मग हा आजार नाहीच, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत १०५ रुग्णांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोऱ्या रुग्णांपैकी ८० टक्क्यांना बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर झाला होता, आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांत मात्र ३८ टक्क्यांनाच. जपानी रुग्णांतही हा कॅन्सर कमी आढळतो. जनुक तेच, पण गडद त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातले अतिनील किरण अडवतं. जबड्यातल्या गाठींचा उन्हाशी काय संबंध? त्या सावळ्या माणसालाही होतात, बऱ्याचदा विशीच्या आतच. म्हणून आपल्याकडे हा आजार अनेकदा दातांच्या डॉक्टरांनाच आधी सापडतो.

तेव्हा गाठ काढली, टाके सुटले, की फाइल बंद करू नका. बायोप्सीत ‘केराटोसिस्ट’ (या आजारातली जबड्याची गाठ) आलं आणि वय कमी असेल किंवा गाठी एकाहून जास्त असतील, तर छातीचा एक्स-रे काढून दाखवा. दुभंगलेली बरगडी त्यात दिसू शकते. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ठरल्या वेळी पुन्हा काढा.

सावळ्या त्वचेवर हा कॅन्सर बऱ्याचदा काळपट, चकचकीत असतो. लोक त्याला तीळ किंवा चामखीळ समजतात, चुना लावतात, नाहीतर जाळून घेतात. बायोप्सीशिवाय जाळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सगळ्यात महागात पडते ती रेडिएशनची चूक. या आजाराच्या काही मुलांना मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा ही कॅन्सरची गाठ होते. तिच्यावर रेडिएशन दिलं, तर त्या भागात पुढे त्वचेच्या कॅन्सरच्या अनेक गाठी उठू शकतात, आणि तिथे सावळा रंग वाचवत नाही. उपचार ठरण्याआधीच डॉक्टरांना या आजाराची शंका सांगा.

‘आमच्या घरात कुणाला नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. काही रुग्णांत हा बिघाड नव्यानेच झालेला असतो, पण त्यांच्या प्रत्येक मुलाला तो जाण्याची शक्यता ५० टक्के असते. पुढच्या तपासणीला मुलांनाही सोबत आणा.