माइकवरचं लो-कट बटण कधी दाबायचं?

बऱ्याच माइकवर एक छोटी खूण असते: डावीकडे खाली वाकलेली रेघ आणि कधीकधी शेजारी ७५, ८० किंवा १०० असा आकडा. हा लो-कट फिल्टर, म्हणजे त्या आकड्याखालचे (हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) खर्जातले आवाज कमी करणारी सोय. काही उपकरणांवर त्यालाच हाय-पास म्हणतात. रेकॉर्डिंग शिकायला येणारे बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत, ‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये कापू’ म्हणतात.

मी मुख्यतः निवेदन आणि मुलाखती रेकॉर्ड करते. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर हे बटण आधीच चालू ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. पुरुषांच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ हर्ट्झच्या वर असतो, स्त्रियांचा तर बराच वर. त्याखाली उरतं ते बहुतेक नकोसंच: लांबून जाणाऱ्या जड वाहनाची घरघर, टेबलाला लागलेला धक्का, वाऱ्याचा झोत, ‘प’ आणि ‘भ’ बोलताना बसणारा हवेचा फटका.

हा खर्जातला गोंगाट लहान स्पीकरवर ऐकूच येत नाही, पण त्यात जोर भरपूर असतो. मीटरचा काटा तोच वर ढकलतो आणि प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, क्लिप होतो: त्याला झेपत नाही इतका जोर आल्याने लाटेचे शेंडे छाटले जातात. क्लिप झाल्यावर जी विकृती तयार होते, ती वरच्या पट्ट्यांतही पसरते. मग नंतर कितीही खालचं कापा, शब्दांवरचा ओरखडा जात नाही. माइकमधला फिल्टर प्रीअँपच्या आधी काम करतो, हीच त्याची खरी किंमत. मात्र तो माइकच्या पडद्यानंतर येतो. जोराचा वारा थेट पडद्यावरच आदळत असेल, तर विंडस्क्रीनला, म्हणजे माइकवरच्या वारा अडवणाऱ्या आवरणाला, पर्याय नाही. पॉप फिल्टर (तोंडासमोरची हवेचा फटका अडवणारी जाळी) आणि शॉक माउंट (धक्के शोषणारी माइकची बैठक) यांचंही तेच.

८० हर्ट्झचा फिल्टर ८० ला भिंत घालत नाही. उतार सप्तकाला (म्हणजे हर्ट्झचा आकडा निम्मा होताना) १२ डेसिबल असेल, तर ८० हर्ट्झला आवाज ३ डेसिबल उतरलेला असतो आणि ४० ला सुमारे १२. म्हणून विजेचा ५० हर्ट्झचा हम (सततची गुणगुण) त्याने फार तर ९ डेसिबलने उतरतो. १०० आणि १५० वरचे त्याचे पटीतले सूर जवळपास तसेच राहतात. हमसाठी केबल आणि अर्थिंग तपासा.

कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, माइकच्या अगदी जवळ बोललं की आवाज खालून फुगतो. तिथे लो-कट मदत करतो, पण आधी थोडं मागे सरून पाहा.

वाद्यांचं गणित वेगळं. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, पियानोचा तळाचा सूर २७.५ चा. तिथे बटण बंद. अकूस्टिक गिटारची जाड तार ८२ ची, म्हणजे ८० च्या फिल्टरच्या अगदी काठावर. दोन्ही प्रकारे वाजवून घ्या आणि कानाने ठरवा.

बोलण्यासाठीही चाचणी घ्याच. खोलीतली अर्धा मिनिट शांतता आणि एकच वाक्य, हे एकदा बटण चालू आणि एकदा बंद ठेवून रेकॉर्ड करा, मग चांगल्या हेडफोनवर ऐका. भारदस्त आवाज पोकळ वाटू लागला, तर आकडा खाली आणा. टेक चालू असताना बटण सरकवू नका, खट्ट आवाज येतो.

वाचन अनेक दिवस चालणार असेल, तर बटणाची स्थिती आणि माइकपासूनचं अंतर लिहून ठेवा. मध्येच ते बदललं, तर दोन दिवसांचे तुकडे जोडताना आवाजाचा पोत वेगळा लागतो आणि तो इक्वलायझरने जुळवण्यात संपादनाचा बराच वेळ जातो.