टिपण काढतानाच पान लिहा

एम.ए.ला असताना मी घरकाम करणाऱ्या बायकांवर लघुप्रबंध लिहिला. पहिला मसुदा गाइडकडून परत आला तेव्हा समासात जागोजागी लाल शाईत एकच शब्द होता : 'पान?' वहीत मुद्दे होते, लेखकांची नावं होती. पानांचे आकडे नव्हते. पुस्तकं लायब्ररीत जमा झालेली. ती पुन्हा मिळवून एकेक ओळ शोधण्यात अख्खा आठवडा गेला.

संदर्भाची पद्धत आधीच विचारून घ्या. अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एएसए पद्धतीत मजकुरातच कंस येतो : (कर्वे १९५३:४५). आडनाव आणि वर्ष यांत स्वल्पविराम नाही, अपूर्णविरामानंतर थेट पान. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एपीए पद्धतीत स्वल्पविराम लागतात आणि संदर्भसूचीत लेखकाची फक्त आद्याक्षरं येतात. एएसएच्या सूचीत पूर्ण नाव असतं. इरावती कर्वे हे नाव सूचीत पूर्ण दिसावं असं मला मनापासून वाटतं, पण विभाग सांगेल तीच पद्धत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ठेवा.

माझी सगळ्यात मोठी चूक वर्षाची होती. डॉ. आंबेडकरांनी जातींच्या उगमावरचा निबंध १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचला. १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. माझ्या हातात होता महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांचा १९७९चा पहिला खंड, म्हणून मी सरळ 'आंबेडकर १९७९' लिहिलं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६चं! पंचविशीतल्या विद्यार्थ्याने तेव्हा मांडलेला विचार माझ्या एका कंसाने साठ वर्षं पुढे ढकलला होता. एएसएत याची सोय आहे : (आंबेडकर [१९१७] १९७९). चौकोनी कंसात मूळ वर्ष, पुढे हातातल्या आवृत्तीचं. पान मात्र हातातल्या आवृत्तीचंच द्यायचं.

दुसऱ्याच्या पुस्तकात सापडलेलं अवतरण मूळ ग्रंथ वाचल्यासारखं देऊ नका. मूळ मिळालंच नाही, तर कुठून घेतलं ते स्पष्ट लिहा. संदर्भ साठवून सूची करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जरूर वापरा. फक्त मराठी नावांत आडनाव योग्य रकान्यात गेलंय ना, ते डोळ्यांनी तपासा.

मुलाखतींचे संदर्भ सूचीत जात नाहीत, म्हणून तिथे ढिलाई होते. मी प्रत्येक मुलाखतीला क्रमांक दिला : मु-१, मु-२. खरी नावं वेगळ्या वहीत, कुलपात. 'कामाला जाते' असं त्या म्हणाल्या असतील तर 'रोजगार करते' असं लिहायचं नाही. छापील पुस्तकातली ओळ आपण बदलत नाही, तशीच ही.