सांस्कृतिक ओळख आणि भावना मांडणारं प्रतीकात्मक चित्र: प्रतीक निवडण्यापासून व्हार्निशपर्यंत

सांस्कृतिक ओळख या विषयावरची बहुतेक चित्रं फसतात ती प्रतीकांच्या गर्दीमुळे. मुखवटा, पक्षी, झाडाची मुळं, वाद्य, नकाशा असं सगळं एकाच कॅनव्हासवर येतं आणि बघणारा चित्र बघण्याऐवजी यादी वाचत बसतो. विषय कशाचा आहे, एवढंच प्रतीक सांगतं. त्या विषयाबद्दल चित्रकाराला काय वाटतं, ते कळतं आकारमानातून, उजेड-अंधारातून, कडांमधून, मोकळ्या सोडलेल्या जागेतून आणि रंगाच्या थरातून. त्यामुळे वेळेची वाटणी करताना मोठा वाटा हाताळणीला द्यावा, प्रतीक शोधण्याला नव्हे.

तरी निवड काळजीनं करावीच लागते. ध्वज, धर्मचिन्हं अशा सर्वांना ठाऊक असलेल्या खुणा बहुधा टाळाव्यात. त्यांचा अर्थ आधीच ठरलेला असतो आणि तुमच्या चित्राला त्यात भर घालायला जागाच उरत नाही. एखाद्या समूहालाच उमगणारी खूण, म्हणजे विणकामातली नक्षी किंवा वस्त्र नेसण्याची पद्धत, जास्त कामाची. त्याहून धारदार असते ती घरातल्यांनाच ठाऊक असलेली वस्तू: पोचा पडलेलं भांडं, कुलूप हरवलेली किल्ली. वहीत अशा १५-२० वस्तू लिहा. प्रत्येकीपुढे ती कोण वापरायचं, कुठे झिजली आहे, आता कुठे आहे, हे लिहा. ज्या वस्तूपुढे काही लिहिता येत नाही ती खोडा. शेवटी एक मुख्य प्रतीक आणि फार तर दोन दुय्यम ठेवा. मग एक परीक्षा घ्या: त्या जागी दुसऱ्याच संस्कृतीची खूण ठेवली तरी चित्र तसंच राहतं का? राहत असेल, तर ती नुसती सजावट आहे.

दुसऱ्या समूहाची पवित्र चिन्हं घेताना नुसता आदर पुरत नाही, माहितीही लागते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांमध्ये काही आकृत्या आणि कथा रंगवण्याचा हक्क ठरावीक माणसांकडेच असतो.

वस्तू निवडली की ती समोर ठेवून काढा. इंटरनेटवरचा फोटो बघून काढलेली किल्ली कुणाचीही असते. वेगवेगळ्या बाजूंनी निदान दहा रेखाटनं करा आणि मग वस्तू झाकून दोन रेखाटनं आठवणीतून करा. आठवणीत जे टिकलं आणि जे उगाच मोठं झालं, तोच तुमच्या प्रतीकाचा आकार.

भावनेसाठी ‘दुःख’ किंवा ‘अभिमान’ असा एक शब्द लिहून भागत नाही. पूर्ण वाक्य लिहा, उदाहरणार्थ: ‘परत जायचं आहे, पण तिथं ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही.’ अशा वाक्यातून थेट रचनेचे निर्णय निघतात. दोन आकार जवळ असावेत, पण टेकू नयेत. एकाची कडा ठळक, दुसऱ्याची विरलेली. मधली जागा रिकामी.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिनं १९३९ मध्ये स्वतःलाच दोनदा रंगवलेलं ‘दोन फ्रिडा’ हे चित्र या दृष्टीनं नीट बघण्यासारखं आहे. एकीच्या अंगावर पांढरा युरोपीय पोशाख, दुसरीच्या अंगावर मेक्सिकोतला तेहुआना पोशाख. ओळखीचा प्रश्न एवढ्यावरच मांडून झाला. दोघींचे चेहरे जवळजवळ निर्विकार आहेत. भावना आहे ती उघड्या हृदयांत, दोघींना जोडणाऱ्या रक्तवाहिनीत, धरलेल्या हातांत आणि मागच्या वादळी आकाशात. पांढऱ्या घागऱ्यावर पडलेले रक्ताचे थेंब काठावरच्या लाल फुलांमध्ये जवळपास मिसळून जातात. चेहऱ्यावर अश्रू रंगवण्याचा मोह झाला की हे चित्र आठवावं. चेहरा शांत ठेवला की नजर बाकीच्या चित्रभर फिरते.

आता छोटी रेखाटनं. ५ × ७ सेंमीच्या चौकटी आखा, किमान बारा, आणि फक्त तीन छटा वापरा: पांढरी, मधली करडी, काळी. काहींत प्रतीक चौकटीचा विसावा भाग व्यापेल, काहींत दोन तृतीयांश. मधोमध ठेवलेला आकार स्थिर, समारंभी वाटतो. कडेला कापला गेलेला अपुरा वाटतो. हातभर अंतरावरूनही वाक्यातला ताण जाणवत नसेल, तर पुढे रंग कितीही सुंदर लावले तरी तो येणार नाही. हा टप्पा कंटाळवाणा म्हणून सोडणारे नंतर कॅनव्हासवर आठवडे घालवतात.

रंगाचे अर्थ कोशातून घेऊ नका. पांढरा कुठे लग्नाचा, तर कुठे शोकाचा. रंग बोलतो तो शेजारच्या रंगामुळे. पॅलेट मोजकं ठेवा: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एकच झगझगीत रंग, उदाहरणार्थ क्विनाक्रिडोन रेड. हा शेवटचा फक्त मुख्य प्रतीकासाठी राखा. चित्रभर पसरला की त्याचं वजन जातं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून खोल, जिवंत काळा मिळतो. ट्यूबवरचा प्रकाशस्थैर्याचा, म्हणजे रंग उजेडात किती टिकतो याचा, दर्जा १ किंवा २ असावा. अस्सल अलिझरिन क्रिमझन (ट्यूबवरचा रंगद्रव्य क्रमांक पीआर ८३) उजेडात फिका पडतो; ज्या चित्रात लालच सगळं सांगतो, तिथं तो वापरू नये.

बाजारात मिळणाऱ्या तयार कॅनव्हासवर जेसोचे (रंग नीट धरावा म्हणून द्यायचा पांढरा अस्तर-लेप) आणखी दोन हात द्या, मधे ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासा. वर बर्न्ट सिएनाचा पातळ अ‍ॅक्रिलिक हात द्या, म्हणजे पांढऱ्या पृष्ठभागाची धास्ती जाते आणि छटांचा अंदाज नीट येतो. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतात, तैलरंगांवर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही. ते नीट धरत नाहीत आणि पुढे सुटतात.

तैलरंगात खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलटं झालं तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. आयव्हरी ब्लॅक बराच तेलकट आणि सावकाश सुकणारा, म्हणून खालच्या थरात तो जाड लावू नका. एका मिश्रणात तीनहून जास्त रंग गेले की बहुधा चिखल होतो. सुकल्यावर काही भाग निस्तेज दिसले तर खालच्या थरानं तेल शोषलेलं असतं. पृष्ठभाग हाताला पूर्ण सुका लागला की तिथं जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळा आणि जादा तेल पुसून घ्या. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गठ्ठ्याला आपोआप आग लागू शकते. फडकी पाण्यानं भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

विस्मरण, हरवलेपण दाखवायला खरवडणं फार उपयोगी. आकार पूर्ण रंगवा, ओला असतानाच पॅलेट नाइफनं खरवडा, उरलेला ठसा सुकू द्या आणि त्यावर पारदर्शक रंगाचा ग्लेझ, म्हणजे पातळ थर, चढवा. तिथं काहीतरी होतं, हे मुद्दाम न सांगता दिसतं. धूसरपणासाठी सगळीकडे पांढरा मिसळला तर मात्र चित्र खडूसारखं होतं. अक्षरं जपूनच वापरा, कारण वाचता येणारा शब्द इतर सगळ्याच्या आधी नजर खेचतो.

अ‍ॅक्रिलिकमध्येच पूर्ण काम करत असाल तर रंग सुकल्यावर थोडा गडद होतो, हे धरून चाला. पातळ करायला नुसतं पाणी ओतू नका. बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा पदार्थ, विरळ झाला की थर कमकुवत होतो. मीडियम, म्हणजे त्याच बाइंडरचं तयार द्रावण, वापरा.

काम ऐंशी टक्के झालं की तिघांना दाखवा: त्या संस्कृतीतला एक, बाहेरचा एक आणि एक चित्रकार. शीर्षक सांगू नका. ‘आवडलं का?’ हा प्रश्न कुचकामी. ‘नजर पहिल्यांदा कुठे गेली, कुठे अडली, काय वाटलं?’ असं विचारा. बाहेरच्याला वस्तू ओळखता आली नाही, पण ताण कळला, तर चित्र चाललं आहे. वस्तू कळली आणि वाटलं काहीच नाही, तर पुन्हा तीन छटांच्या चौकटींकडे जा. नवं प्रतीक घालून हा दोष दुरुस्त होत नाही.

मालिका करायची असेल तर अमेरिकी चित्रकार जेकब लॉरेन्सची पद्धत बघा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दक्षिणेकडून उत्तरेकडच्या स्थलांतरावर त्यानं १९४०-४१ मध्ये ६० फलक केले. सगळे एकत्र मांडून एक रंग सर्व फलकांवर लावायचा, मग दुसरा, अशी पद्धत ठेवली. त्यामुळे सगळ्या फलकांचा सूर एक राहिला. पाच-सहा कॅनव्हास असले तरी ही युक्ती चालते. चित्रकार सय्यद हैदर रझांनी तर बिंदू हा एकच आकार वर्षानुवर्षं वापरला.

शीर्षकात भावनेचं नाव घालू नका. वस्तू, जागा किंवा साल पुरतं. तैलचित्राला व्हार्निश सहा ते बारा महिन्यांनी द्या. चकचकीत व्हार्निशवर गडद भागात आरसा पडतो, म्हणून अंधाऱ्या चित्रांना मॅट किंवा सॅटिन बरं. सही दिसेल न दिसेल अशा जवळच्याच छटेत करा. वापरलेले रंग, मीडियम आणि व्हार्निशची तारीख फ्रेमच्या मागच्या पट्टीवर लिहा, कॅनव्हासच्या पाठीवर नको. दाबून लिहिलं तर अक्षरं पुढे उमटतात.