पाकीट उलटून पाहा: रोजच्या खाण्यातील रसायने कमी करण्याची रीत

किराणा दुकानात पाकीट हातात घेतले की आधी ते उलटे करावे. समोरच्या बाजूला शेताचे चित्र, दाण्यांचा ढीग आणि ‘घरगुती चव’ असे शब्द असतात. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत असते. अक्षर वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा. दुकानदाराला वाट पाहावी लागली तरी चालेल. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते, म्हणून पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल आले की त्या ‘मल्टिग्रेन’ बिस्किटात धान्य किती असेल, हे लगेच कळते. यादीच्या शेवटी कंसात जे तीन आकडी क्रमांक दिसतात, ते रंग, प्रिझर्व्हेटिव्ह आणि चव वाढवणाऱ्या द्रव्यांचे आयएनएस, म्हणजे अशा द्रव्यांना जगभर एकसारखे दिलेले क्रमांक होत.

हे क्रमांक पाठ करण्याची गरज नाही, त्यांचे शतक ओळखता आले तरी पुष्कळ काम होते. शंभराच्या घरात रंग, दोनशेच्या घरात पदार्थ टिकवणारी द्रव्ये, तीनशेच्या घरात तेल खवट होऊ न देणारी व आंबटपणा सांभाळणारी, चारशेच्या घरात बहुतेक करून दाटपणा आणणारी आणि सहाशेच्या घरात चव वाढवणारी द्रव्ये येतात. मात्र क्रमांक दिसला की पाकीट वाईट, असे समजणे चूक आहे. १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड आणि ५०० म्हणजे आपल्या भज्यांत पडणारा खायचा सोडा. टाळायचेच तर मी आधी १०२, ११०, १२२ आणि १२४ हे कृत्रिम रंग टाळते, विशेषतः मुलांच्या खाऊत. आपल्याकडे ते ठरावीक मर्यादेत वापरायला परवानगी आहे. पण युरोपीय संघात २०१० पासून हे रंग असलेल्या पदार्थांवर, मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. रंगाने ना पोषण मिळते, ना पदार्थ टिकतो. तो केवळ डोळ्यांसाठी असतो, म्हणून तो सोडण्यात काहीच गमवावे लागत नाही. त्यानंतर सरबते आणि सॉसमधील २११, म्हणजे सोडियम बेन्झोएट, आणि तळलेल्या पदार्थांतील ३१९, म्हणजे टीबीएचक्यू, यांच्याकडे पाहावे. ‘एमएसजी (म्हणजे अजिनोमोटो) घातलेले नाही’ असे ठळकपणे लिहिलेल्या पाकिटावरही ६२७ आणि ६३१ किंवा ६३५ सापडतात. त्यांचे काम चव वाढवण्याचेच असते.

ही द्रव्ये घालावी का लागतात, हे समजले की ती टाळायची कशी हेही आपोआप कळते. अन्न बिघडते ते मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळे. पावात ओल असते आणि तो चार-पाच दिवस बुरशीवाचून राहायला हवा, म्हणून त्यात २८२ घालतात. आपल्या सोलापूरची कडक भाकरी मात्र कशाचीही मदत न घेता कितीतरी दिवस टिकते, कारण ज्वारीची पातळ भाकरी भाजून झाल्यावर तिच्यातला ओलावा पूर्ण निघून जाईपर्यंत ती शेकलेली असते. बोटाने मोडली तर पापडासारखा आवाज यायला हवा. वाकली तर ती अजून ओली आहे आणि डब्यात टाकल्यास बाकीच्याही भाकरी मऊ करील. घटकांची यादी लिहायची झाली तर ज्वारी, पाणी आणि फार तर मीठ, एवढीच होईल. सकाळच्या घाईत बिस्किटांचा पुडा फोडण्याऐवजी आमटीत किंवा दह्यात कुस्करलेली कडक भाकरी मुलांना द्यावी, असे मला मनापासून वाटते; ती आपल्याकडे गल्लोगल्ली मिळते आणि तिला कुठून आणायला लांब जावे लागत नाही.

शेंगाचटणीचेही तेच. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर सालीवर काळे ठिपके येईपर्यंत भाजावेत, पूर्ण गार झाल्यावर साले पाखडून काढावीत, मग दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरे, दोन चमचे तिखट आणि मीठ घालून उखळात कुटावे. मिक्सर वापरायचा असेल तर तो थांबवत थांबवत फिरवावा, नाहीतर कूट होण्याऐवजी लगदा होतो. दाण्यांचे स्वतःचे तेल सुटून चटणीला ओलसर चकाकी आली आणि मुठीत दाबल्यावर तिचा गोळा होऊ लागला की थांबावे. वरून तेल किंवा पाणी घालू नये. ही चटणी पोळीवर पसरून दिली की डब्यात सॉसची पुडी लागत नाही.

खुल्या मालाची गोष्ट अधिक काळजीची आहे, कारण तेथे वाचायला लेबलच नसते. तिखट आणि हळद शक्यतो दळलेली घेऊ नये. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ब्याडगी मिरची आणि हळकुंडे आणून, मिरच्यांचे देठ काढून, कडक उन्हात वाळवून डंकावर कुटून घ्यावीत. ब्याडगीचा रंगच इतका गडद असतो की दुसऱ्या लाल रंगाची गरज पडत नाही. विकतचे तिखट तपासायचे असेल तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यावर चिमूटभर भुरभुरावे. रंग लगेच रेघांसारखा खाली उतरू लागला तर त्यात वरून रंग मिसळल्याची शंका घ्यावी. गूळ घेताना पिवळाधमक तुकडा बाजूला ठेवून तपकिरी, जरा काळसर गूळ निवडावा, कारण गूळ फिकट करण्यासाठी गुऱ्हाळात हायड्रोस हे रंग उडवणारे रसायन वापरले जाते. बेदाण्यांचा पिवळा-हिरवा रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात, आणि आपल्याच जिल्ह्यात द्राक्षे व बेदाणे होत असल्याने हे आपल्याला ठाऊक असायला हवे. दम्याच्या काही रुग्णांना या धुरीतून उरणाऱ्या सल्फाइटमुळे त्रास होतो; त्यांच्यासाठी काळे मनुके बरे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मुले ज्या गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’साठी हट्ट धरतात, त्याबाबत तर मी ठाम आहे. शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये रोडामाइन-बी सापडल्यानंतर रंग घातलेल्या या मिठाईवर आणि गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. रोडामाइन-बी हा कापड आणि कागद रंगवण्याचा रंग आहे, त्याला अन्नात कोठेही जागा नाही. मुलाला पांढरी मिठाई मिळत असेल तर ती घ्यावी, नाहीतर ज्वारीच्या लाह्या किंवा शेंगदाणा-गुळाची चिक्की हातात द्यावी.

एक धोका मात्र स्पष्टपणे सांगायला हवा. प्रिझर्व्हेटिव्ह काढून टाकले की त्याचे काम आपल्याला करावे लागते. मागच्या उन्हाळ्यात मी घरी टोमॅटो सॉस केला आणि बाटली ओट्यावरच राहिली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडताच फसफस करून फेस वर आला आणि सगळा सॉस टाकून द्यावा लागला. पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात ओला पदार्थ फ्रिजमध्येच ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपेल इतकाच करावा. शेंगदाण्यांत काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा वास येणारा दाणा दिसला तर तो काढून टाकावा. बुरशीतून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही आणि ते कोणत्याही परवानगीच्या रंगापेक्षा अधिक घातक आहे.

सगळे एकदम बदलायला गेले की घरात वाद होतात आणि पंधरवड्यात जुनी सवय परत येते. म्हणून घरात रोज लागणाऱ्या चारच गोष्टी निवडाव्यात, आमच्याकडे त्या बिस्किटे, सॉस, तिखट आणि सरबत या होत्या, आणि महिन्याला एक बदलावी. सरबताच्या जागी लिंबू, कोकम किंवा हंगामात डाळिंबाचा रस सहज येतो. एखादे पाकीट संशयास्पद वाटले तर ते फेकू नये. त्यावरचा बॅच क्रमांक, एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि बिल जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. घरी केलेल्या प्रत्येक पदार्थाच्या बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी, चमचा कोरडा आहे याची खात्री करून मगच बरणीत घालावा आणि जुनी चटणी संपल्याशिवाय तिच्यावर नवी ओतू नये.