नागपुरात समुद्रफूल आणि क्लाउनफिश एकत्र सांभाळताना

समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) हा फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी आहे. त्याच्या शुंडकांवर हजारो दंशपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श आणि त्याची रासायनिक खूण पटली की पेशीत गुंडाळलेली नळी सुटते आणि विष टोचते. या विषातली काही प्रथिनं पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात, काही मज्जातंतूंच्या सोडियम-पोटॅशियम वाहिन्या बिघडवतात. त्यातच आसरा घेणाऱ्या क्लाउनफिशच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात सियालिक आम्ल नावाची शर्करा फार कमी असते, आणि दंशपेशी भक्ष्य ओळखतात ते अशाच शर्करांवरून; म्हणून बहुधा त्याला दंश होत नाही. कोवळ्या पिल्लांत मात्र हे आम्ल इतर माशांइतकंच असतं. पट्टे उमटण्याच्या वयात ते घटतं. त्यामुळे पट्टे पूर्ण उमटलेला, हॅचरीत वाढलेला मासाच घ्या.

जोडी निवडताना घाई नको. समुद्रफुलांच्या हजाराहून जास्त जातींपैकी जेमतेम 10 जाती क्लाउनफिशला आसरा देतात, आणि हे नातं त्यांच्या वेगवेगळ्या शाखांत किमान 3 वेळा स्वतंत्रपणे जुळलं आहे. क्लार्की क्लाउनफिश या दहाही जातींत राहतो, तर ‘मरून’ जातीचा क्लाउनफिश फक्त बबल-टिप या समुद्रफुलात. सगळ्यांना हवा असलेला ऑसेलारिस क्लाउनफिश समुद्रात बबल-टिपमध्ये राहत नाही. टाकीत कधी महिन्याभरानं जातो, कधी जातच नाही. पहिल्यांदा करणाऱ्यानं बबल-टिप आणि क्लार्की घ्यावेत. कार्पेट जातीच्या समुद्रफुलाचा दंश जबर असतो, ते सोबतचे मासे गिळतं. पांढरं फटक पडलेलं समुद्रफूल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, त्याच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारं शेवाळ गेलेलं असतं.

टाकी 3 बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे सुमारे 190 लिटर. पेंच धरणातून येणारं नळाचं पाणी थेट वापरू नका. घरच्या आरओचंही चालत नाही, कारण बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर थोडं कच्चं पाणी मिसळतो. आरओनंतर उरलेले क्षार काढणारा डीआय फिल्टर लावा, टीडीएस 0 यायला हवा. 100 लिटरला साडेतीन ते पावणेचार किलो सागरी मीठ लागतं, खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व 1.025 दिसलं पाहिजे. अमोनिया आणि नायट्राइट 0, नायट्रेट 10 पीपीएमच्या आत. टाकी अशी 6 महिने स्थिर राहिल्याशिवाय समुद्रफूल आणू नका.

खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. पाणी 25 ते 27 अंशांवर ठेवायचं असतं, बाहेर पारा 45 वर. पाण्यावर पंखा मारला तर कोरड्या हवेत पाणी काही अंश उतरतं, पण तेवढ्यानं भागत नाही. त्याच खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावतं आणि पंख्याचा उपयोग आणखी कमी होतो. पाणी थंड करणारा चिलर किंवा एसी लागतोच. चिलर स्टँडच्या बंद कपाटात कोंडू नका, तो स्वतःचीच गरम हवा ओढतो. आणखी एक गोष्ट हमखास राहते: उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. 190 लिटरमधून 10 लिटर उडालं की क्षारता (दर किलो पाण्यातलं मीठ, ग्रॅममध्ये) 35 वरून जवळजवळ 37 वर जाते. म्हणून भर रोज घाला, आणि ती गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच. लाइट गेल्यावर निदान एक पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे.

समुद्रफूल आणल्यावर थेंब-थेंब पद्धतीनं दीड-दोन तास टाकीचं पाणी द्या. पाय खडकाला चिकटेपर्यंत प्रवाह बंद ठेवा. खडक सिरॅमिकचाच घ्या, प्रवाळ भारतात संरक्षित आहे. पंपांच्या तोंडाला आधीच स्पंज लावा; जागा शोधत फिरणारं समुद्रफूल पंपात ओढलं गेलं की चिंध्या होतात आणि रातोरात अमोनिया चढतो. तांबं असलेलं औषध या टाकीत कधीच टाकू नका.

मासा आधी परांनी, मग पोटानं शुंडकांना शिवतो, मागे सरतो, परत येतो. यात काही तास जातात, कधी आठवडे. त्याला जाळीनं ढकलू नका. जोडी जमली की माशाच्या विष्ठेतला अमोनिया समुद्रफुलातल्या शेवाळाला खत म्हणून मिळतो, त्यामुळे वरून खाणं आठवड्यातून एकदा, तोंडाहून लहान झिंग्याचा तुकडा पुरे.

टाकीत हात हातमोज्यांशिवाय घालू नका. दंश झालाच तर चोळू नका, खाऱ्या पाण्यानं धुवा. गोड्या पाण्यानं कातडीवर उरलेल्या दंशपेशी फुटू शकतात. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना गाठा.