मोनोटाइप: एकदाच उमटणारी छाप

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला, तो एकाच मजकुराच्या कितीतरी प्रती काढायला. मोनोटाइप या छापचित्राच्या तंत्राची चाल याच्या उलट. इथे प्लेटवर काहीच कोरलेलं नसतं, गुळगुळीत पृष्ठभागावर फक्त शाई असते. ती कागदाने उचलली की चित्र संपलं. सतराव्या शतकात इटलीतल्या कास्तिल्योने या चित्रकाराने आणि नंतर फ्रान्समध्ये चित्रकार देगाने हे तंत्र हाताळलं, कारण त्यात रेखाटनाचा मोकळेपणा टिकतो.

कार्यशाळेत पहिल्यांदा जाणाऱ्याने चित्र काढायला नव्हे, पुसायला शिकावं. आपल्याकडच्या जुन्या देवळांवरची कावी कला आठवा: ओल्या चुन्यावर तांबड्या रंगाचा थर आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. काळ्या शाईचा मोनोटाइप अगदी तसाच.

आधी कागद. सुती, जाडसर (२५० ते ३०० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम) कागद पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा. मग दोन टिपकागदांमध्ये घालून दाबा. वर पाण्याची चकाकी दिसता कामा नये, पण हाताला गारवा लागला पाहिजे.

प्लेट म्हणून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा पुरतो. कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर प्रेसमध्ये (छाप दाबून काढायच्या यंत्रात) कागदावर घालायची लोकर कापली जाते आणि शिकवणाऱ्यांचा चेहराही बदलतो.

आता शाई. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. काचेवर सुपारीएवढी शाई घेऊन रोलर उभा-आडवा फिरवा आणि कान द्या. चिकट, चपचप आवाज आला तर शाई जास्त आहे. बारीक, एकसारखी सळसळ ऐकू आली की थर बरोबर, मग तोच रोलर सगळ्या प्लेटवर फिरवा. मी पहिल्या दिवशी हात सैल सोडला आणि माझ्या नारळाच्या झाडाचा प्रेसखाली डांबराचा डाग झाला.

पूर्ण काळ्या प्लेटवर चिंधी, कापसाची काडी, आगपेटीची काडी, बोट, काहीही चालवा. पुसाल तिथे उजेड. उरलेली शाई म्हणजे सावली. हाताशी पंधरा-वीस मिनिटं आहेत असं समजा. तेलाची शाई आणखी थांबते, पाण्याची पंख्याखाली लगेच वाळते. अक्षरं उलटी लिहायची हे सगळे ऐकतात आणि तरीही विसरतात. माझी सही अजून आरशातच वाचावी लागते.

पावसाळ्यात कार्यशाळा असेल तर येताना कुंपणावरचा नेचा घेऊन या. अळूचं पान नको, दाबाखाली त्याचं पाणी सुटतं. नेचा आदल्या रात्री वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि शाई लावलेल्या प्लेटवर मांडा. वर ओलसर कागद, त्यावर लोकर, आणि प्रेसचं चाक न थांबता एका दमात फिरवा. मध्ये थांबलात तर तिथे पट्टा उमटतो. घरी प्रेस नसेल तर पातळ कागद घेऊन चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा.

कागद एका कोपऱ्याने उचला. नेच्याची पांढरी आकृती दिसेल. इथे थांबू नका. नेचा चिमट्याने अलगद काढा, प्लेटवर दुसरा ओलसर कागद ठेवून पुन्हा प्रेस फिरवा. या फिकट छापेला घोस्ट प्रिंट म्हणतात. पहिल्या वेळी पानाखाली झाकलेली शाई आता शिरांसकट उमटते. मला तरी पहिल्या छापेपेक्षा हीच जास्त आवडते.

तेलाची शाई खोबरेल तेलाने निघते, मग साबण. छाप मात्र दमट हवेत कित्येक दिवस ओली राहते, तेव्हा ती दोरीवर टांगा आणि खाली कोणाचे पांढरे कपडे नाहीत ना, ते बघा.