पावसाळ्यात मुंबईला येताय? ही तयारी घरूनच करून निघा

मुंबईची तयारी बॅगेपासून नव्हे, पत्त्यापासून सुरू करा. ज्या नातेवाइकांकडे उतरणार, ज्या हॉस्पिटलात दाखवायचं, जिथे परीक्षेचं केंद्र आहे, त्या प्रत्येक पत्त्यापुढे जवळचं लोकल स्टेशन, त्याची लाइन (वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर) आणि पूर्व की पश्चिम हे कागदावर लिहा. पूर्व-पश्चिम लोक हमखास विसरतात. अंधेरी पूर्वेचं काम असताना पश्चिमेला बाहेर पडलात, तर सामानासकट पुन्हा पूल चढायचा, नाहीतर रिक्षाने वळसा घालायचा. त्यात जोराच्या पावसात अंधेरीचा सबवे (रुळांखालून जाणारा रस्ता) पाण्याखाली जाऊन बंद होतो.

मग कुठे उतरायचं ते ठरवा. तिकीट सीएसएमटीपर्यंतचं (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आहे म्हणून तिथवर जायलाच हवं असं नाही. मुक्काम डोंबिवलीला असेल तर कल्याणला, मुलुंड-भांडुपला असेल तर ठाण्याला, वेस्टर्नला जायचं असेल तर दादरला उतरा. फक्त तुमची गाडी तिथे थांबते ना, ते तिकीट काढतानाच बघा. दादरला डिसेंबर 2023 पासून प्लॅटफॉर्मचे नंबर सलग झाले आहेत: 1 ते 7 वेस्टर्न, 8 ते 14 सेंट्रल. त्यामुळे काकांनी जुन्या आठवणीवरून सांगितलेला नंबर धरून चालू नका. गाडी एलटीटीला (लोकमान्य टिळक टर्मिनस) संपणारी असेल तर ते टर्मिनस आणि कुर्ला स्टेशन वेगळं, हे ध्यानात ठेवा. हार्बरचं टिळकनगर स्टेशन तिथून चालत जाण्याजोगं आहे. बाहेर रिक्षावाला ‘डायरेक्ट फोर्टला सोडतो’ (म्हणजे दक्षिण मुंबईत) म्हणाला तर हसून पुढे जा, कारण रिक्षांना बांद्रा आणि सायनच्या पुढे शहरात परवानगीच नाही; तिथून टॅक्सी, बस किंवा लोकल. मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाला 26 आणि काळी-पिवळी टॅक्सीला 31 रुपये आहे, आणि रात्री 12 ते पहाटे 5 सव्वापट.

लोकलचं तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर रेल्वेचं अ‍ॅप घरीच उतरवून, नोंदणी करून, वॉलेटमध्ये शंभर-दोनशे रुपये टाकून ठेवा. पेपरलेस तिकीट स्टेशनाबाहेर असतानाच काढायचं. आत शिरल्यावर अ‍ॅप नकार देतं, आणि मग खिडकीची रांग. दिवसभर बरीच चढउतार असेल तर 1, 3 किंवा 5 दिवसांचं टूरिस्ट तिकीट मागा. खिडकीवर मिळतं, पण आपणहून कोणी सांगत नाही. साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये किंवा फर्स्ट क्लासमध्ये चढलात तर किमान 250 रुपये दंड आणि वर भाडं. नवखा माणूस फर्स्ट क्लासमध्ये शिरतो तो हावेने नव्हे, तिथे गर्दी कमी दिसते म्हणून. गाडी आली की आधी डब्यावरची खूण बघा.

सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे जाणारी लोकल मोठी बॅग घेऊन पकडायची नाही. उलट दिशेच्या गाड्या त्याच वेळेला बऱ्याच मोकळ्या असतात; कामं त्या अंदाजाने लावा. इंडिकेटरवर गाडी स्लो की फास्ट आणि किती डब्यांची, हे बघितल्याशिवाय जागा धरू नका. उतरायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडे सरका आणि पुढच्याला ‘उतरणार का?’ विचारा. संध्याकाळी अंधेरी-बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढूच नका. गर्दी दारातून हलू देत नाही, आणि बोलणी खावी लागतात ती वेगळी. बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये असतील, तर ‘उतरल्यावर इंडिकेटरखाली भेटायचं’ एवढं चढण्याआधी ठरवा, कारण फोन गर्दीत उचलला जात नाही. रविवारी साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद) असतो, तो आदल्या दिवशी पेपरात बघून घ्या. भुयारी मेट्रो 3 आता आरे ते कफ परेड धावते आणि पावसाळ्यात मोठा आधार आहे, पण खाली नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट वरच काढून ठेवा.

या दिवसांत पावसाच्या अंदाजाइतकंच भरतीचं वेळापत्रक महत्त्वाचं. शहराचं पाणी नाल्यांतून आणि पातमुखांतून (नाले समुद्राला मिळतात ती तोंडं) समुद्रात जातं. भरतीची पातळी या तोंडांच्या वर गेली की पाणी बाहेर जात नाही, उलट समुद्र आत येऊ नये म्हणून दारं बंद करावी लागतात, आणि मग उरतात ते फक्त पंप. म्हणून नुसत्या पावसात जे रस्ते तासाभरात मोकळे होतात, ते भरती गाठली की तुंबून राहतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यालाही भरतीची साथ होती. दिवसाला दोन भरत्या येतात, दुसऱ्या दिवशी त्या सुमारे 50 मिनिटं पुढे सरकतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं. मुक्कामाच्या दिवसांच्या वेळा लिहून घ्या. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट एकत्र आले, तर त्या दोन-तीन तासांत हिंदमाता, गांधी मार्केट, सायन, मिलन सबवे यांच्या वाटेला जाऊ नका. हाजी अलीच्या दर्ग्याची वाटही भरतीला पाण्याखाली जाते, तेव्हा दर्शन ओहोटीला. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर (लाटा अडवणारे काँक्रीटचे ठोकळे) उतरायचं नाही, आक्साच्या किनाऱ्यावर पाण्यात शिरायचं नाही. गणपतीच्या सुमारास गिरगाव आणि जुहूच्या किनाऱ्यावर जेलीफिश आणि पाकट (शेपटीने डंख मारणारे मासे) येतात, तेव्हा अनवाणी पाण्यात जाऊ नका.

गाडी रुळांवरच्या पाण्यामुळे थांबली तर रुळांवर उड्या मारू नका. लोकलमध्ये तासभर अडकणं त्यापेक्षा बरं. त्यासाठी बॅगेत पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा, पॉवर बँक आणि रोजच्या गोळ्यांचा एक जास्तीचा दिवस असू द्या. कागदपत्रं, रिपोर्ट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. बूट नकोत, मागे पट्टा असलेल्या पावसाळी चपला. जीन्सही नको, ती दोन दिवस वाळत नाही. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) धोक्यामुळे 72 तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. पालिकेचा आपत्कालीन नंबर 1916, रेल्वेचा 139.

फिरायला वेळ असेल तर सुट्टीचे वार जुळवा: घारापुरी (एलिफंटा लेणी) आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद, राणीची बाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) बुधवारी. सिद्धिविनायकाला मंगळवारची रांग झेपणार नसेल तर दुसरा वार घ्या. घारापुरीच्या लाँच खवळलेल्या समुद्रात बंद ठेवतात, म्हणून तो बेत शेवटच्या दिवशी ठेवू नका.

परतीच्या दिवशी बॅग क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर तिला कुलूप हवं आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं. पाऊस असेल तर दोन तास आधी निघा, आणि शक्य असेल तर गाडी दादरला न पकडता ती सुटते तिथूनच पकडा. दादरला ती दोन-तीन मिनिटंच थांबते आणि तुमचा डबा दुसऱ्या टोकाला निघतो.